ठाण्यात सोशल डान्सची संध्याकाळ चालवायची तर

साल्सा-बचाटा हे जोडीचे नाच शिकवणारे क्लास घोडबंदर रोडपासून नेरूळपर्यंत आता बरेच झालेत. कमी पडते ती शिकलेलं नाचायची जागा. सोशल म्हणजे तीन-साडेतीन तासांची संध्याकाळ. तिथे स्पर्धा नसते, प्रेक्षक नसतात. गाणं सुरू झालं की कोणीही कोणालाही विचारायचं, गाणं संपलं की थँक यू म्हणून दुसऱ्या जोडीदाराकडे वळायचं. यासाठी इव्हेंट कंपनीची गरज नाही. हौशी आठ-दहा माणसं पुरतात, फक्त त्या आठ-दहा जणांनाही नाचायला मिळेल अशी कामाची वाटणी हवी. नेमकी हीच गोष्ट राहून जाते. दर महिन्याला दाराशी पैसे घेत बसणारा माणूस काही महिन्यांत वैतागतो, यायचा बंद होतो, आणि हॉलवाल्याचा नंबर, चेकबुक, इन्स्टाग्रामचा पासवर्ड सगळं त्याच्याकडेच राहतं. मग मंडळ नावापुरतं उरतं.

पुढचे सगळे आकडे महिन्यातून एकदा होणाऱ्या, साधारण ६० माणसांच्या संध्याकाळीसाठी आहेत.

हॉल बघताना

क्षेत्रफळ आधी मोजा. साल्सात एका जोडीला साधारण २५ चौरस फूट मोकळी जागा लागते. बचाटा त्याहून कमी जागेत भागतो. ६० पैकी ४० जण एका वेळी नाचत असतात, म्हणजे २० जोड्या, म्हणजे ५०० चौरस फूट निव्वळ नाचायला. त्यात खुर्च्या, पिशव्यांचं टेबल, पाणी, स्पीकर धरले की ९०० ते १००० चौरस फुटांचा हॉल बरोबर बसतो. याहून खूप मोठा घेऊ नका. दोन हजार फुटांत २० जोड्या नाचल्या की हॉल रिकामा वाटतो आणि नवखे भिंतीला चिकटून राहतात.

मग लादी. नाचायचे बूट घालून जा आणि हॉलच्या पाच जागी एका पायावर अर्धी गिरकी घेऊन बघा. गुळगुळीत व्हिट्रिफाइड लादीवर पाय सटकतो, पण ते तरी लगेच कळतं. घात करते ती चिकट लादी. पाय जागच्या जागी राहतो, अंग फिरतं आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. हॉल फिनाइलने पुसून नीट कोरडा केला नसेल तर हेच होतं. म्हणून पुसायचं ते साध्या पाण्याने, आणि कार्यक्रमाच्या दोन तास आधी, असं केअरटेकरला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. लाकडी फ्लोअर मिळाला तर उत्तमच. घासलेली कोटा फरशीही चांगली. गालिचा असेल तर हॉल सोडून द्या.

चिकट लादीवर कोणीतरी हमखास कॅरमची पावडर टाकायला निघतो. त्याला तिथेच थांबवा. पावडर सगळीकडे सारखी पसरत नाही. दोन पावलं घसरगुंडी आणि तिसऱ्या पावलाला ब्रेक, अशी अवस्था होते, आणि पहिला माणूस पडायला दहा मिनिटं पुरतात. शिवाय ती बुटांना लागून हॉलभर फिरते आणि डिपॉझिटमधून सफाईचे पैसे कापले जातात. त्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसून पंखे पूर्ण वेगाने १५ मिनिटं चालवा. ज्यांच्या बुटांचे तळ लादीला जास्तच धरतात त्यांनी घरून जुने सुती मोजे आणून बुटाच्या पुढच्या भागावर चढवायचे. दिसायला विचित्र, पण काम होतं.

तारखा ठरवताना पंचांग उघडा. लग्नाच्या मुहूर्ताला ठाण्यातले, वाशीतले बरे हॉल वर्षभर आधी गेलेले असतात. पितृपक्षात, पौषात आणि आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंतच्या दिवसांत तेच हॉलवाले भाव करायला तयार असतात. मधले गणपती आणि नवरात्राचे दिवस सोडून द्या. तेव्हा तुमचे निम्मे नाचणारे आरतीला नाहीतर गरब्याला असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा. त्या काळात इमारतींच्या मधोमध असलेला हॉल घेतला तर तक्रार येणार हे धरूनच चाला.

वार रविवार, वेळ संध्याकाळी ५.३० ते ९. ट्रान्स-हार्बरचा मेगाब्लॉक असला तरी तो सहसा दुपारी उरकतो, त्यामुळे ऐरोली-कोपरखैरण्याची माणसं ठाण्याला वेळेत पोचतात. तरीही वेळापत्रक शनिवारीच बघून ग्रुपवर टाका. हॉल स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर असावा. रिक्षाने तीस मिनिटं लागणाऱ्या हॉलला पहिल्यांदा लोक उत्सुकतेने येतात, तिसऱ्यांदा येत नाहीत.

रात्री ९.४५ ला सगळं बंद, हा नियम कडक ठेवा. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. बंदिस्त सभागृहाच्या आतल्या आत वापराला त्यात सूट असली तरी खिडक्या उघड्या असलेला, पंख्यांवर चालणारा हॉल बंदिस्त असल्याचं पोलिसांना पटवून देणं तुम्हाला जमणार नाही. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात येऊ शकतो. हॉल घेण्याआधी आजूबाजूला एक फेरी मारा.

परवानगीसाठी कोणत्या दारात जायचं हेही आधी पक्कं करा. वाशी, नेरूळ, बेलापूर ही नवी मुंबई महापालिका आणि ठाणे जिल्हा. खारघर-कामोठे मात्र पनवेल महापालिका आणि रायगड जिल्हा, पण पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचंच. तिकीट लावून बाहेरच्यांना बोलावणार असाल तर किमान पंधरा दिवस आधी स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

सोसायटीचं क्लबहाऊस स्वस्त पडतं, त्याची किंमत वेगळी मोजावी लागते. व्यवस्थापक समितीची लेखी परवानगी, गेटवरच्या अ‍ॅपमध्ये ४० पाहुण्यांची नोंद, आणि 'रहिवाशांसाठी आहे, बाहेरचे कसे?' या प्रश्नाचं उत्तर. यावर उपाय एकच. रहिवाशांना प्रवेश निम्म्या दरात द्या आणि समितीतल्या एखाद्या जोडप्याला पहिल्या वर्गाला आणा. पाहुण्यांची यादी वॉचमनच्या केबिनमध्ये छापील द्या. शिफ्ट संध्याकाळी बदलते, आणि नवीन वॉचमनला सकाळचं बोलणं कळवलेलं नसतं.

कामं आणि पाळ्या

६० माणसांना आठ स्वयंसेवक. दोघं दारात, एक संगीतावर, एक फ्लोअरवर लक्ष ठेवायला, एक पाणी-खुर्च्या-पिशव्यांकडे, दोन 'सोबती' (नवख्यांसोबत नाचणारे) आणि एक त्या दिवसाचा प्रमुख. प्रमुखाला ठरलेलं काम द्यायचं नाही. कोणी आलं नाही तर त्या जागी उभं राहणं आणि हॉलवाल्याशी बोलणं, एवढंच त्याचं काम. प्रमुख दर महिन्याला वेगळा.

पाळी ४५ मिनिटांची. दाराचं काम पहिल्या दीड तासात संपतं, म्हणजे दोन पाळ्या, चार माणसं. सात वाजल्यानंतर दारात कोणी बसायची गरज नसते. फ्लोअरजवळच्या टेबलावर डबा आणि क्यूआर कोड ठेवा आणि ज्याची पाळी असेल त्याने लक्ष ठेवावं. पाळ्यांचा तक्ता गुरुवारी रात्री टाका. रविवारी दुपारी टाकलेल्या तक्त्यातली दोन नावं हमखास गळतात. पाळी बदलायची असेल तर बदली माणूस ज्याचा त्याने शोधायचा आणि प्रमुखाला फक्त कळवायचं. नाहीतर प्रमुखाचा अख्खा शनिवार फोनवर जातो.

स्वयंसेवकाला प्रवेश मोफत. मानधन नको. एकाला दिलं की उरलेले सात जण आपलं फुकटचं काम मोजायला लागतात. संगीत लावणारा बाहेरून आणलात तर त्याला पैसे द्या, पण मग तो स्वयंसेवक नाही हे सगळ्यांना माहीत असू द्या.

कोणाला कोणतं काम द्यायचं? दारात नाव लक्षात ठेवणारा माणूस बसवा, उत्तम नाचणारा नको. उत्तम नाचणारे सोबती म्हणूनही पुष्कळदा फसतात, कारण नवख्यासोबत तीन मिनिटं नुसता बेसिक (मूळ पावलं) करायचा त्यांना कंटाळा येतो आणि तो कंटाळा तोंडावर दिसतो. सहा महिने नाचलेला, हसतमुख, धीराचा माणूस या कामाला बरा.

सुरुवातीचा वर्ग आणि फेरबदल

५.३० ते ६.१५ वर्ग, मग सोशल. वर्गात एक बेसिक, एक साधी गिरकी आणि एक जागा बदलायची चाल, एवढंच. साल्सात आठ मात्रा, चौथी आणि आठवी रिकामी. बचाटात चौथ्या नि आठव्या मात्रेला टॅप, म्हणजे पाय नुसता टेकवायचा. नव्या माणसाची अडचण पायांत कमी आणि हातांत जास्त असते. एक तर हात ढिले असतात, नाहीतर जोडीदाराला ओढलं जातं. इथे मराठी घरात वाढलेल्यांना एक गोष्ट पटकन समजते : फुगडीत दोघींनी मागे झुकून एकमेकींचा भार तोलला नाही तर फुगडी फिरत नाही, तसाच थोडासा ताण हातांत कायम ठेवायचा. फुगडीइतका जोर लावायचा नाही, हे मात्र लगेच सांगा.

जोड्या दर दोन-तीन मिनिटांनी बदला. लीड करणारे (चाल ठरवणारे) गोलात जागेवर उभे, फॉलो करणारे (त्यांच्या इशाऱ्याने नाचणारे) एक जागा पुढे. आता खरी अडचण : संख्या कधीच सारखी नसते. समजा १२ लीड आणि १८ फॉलो आले. सहा जणी मोकळ्या राहणार. शिकवणारे बहुतेक वेळा या सहा जणींना रांगेच्या शेवटी एकत्र उभं करतात. फिरत फिरत तिथे पोचलेली बाई मग सलग सहा फेऱ्या, म्हणजे पंधरा मिनिटं, एकटी उभी. ती पुढच्या महिन्यात येत नाही, आणि का आली नाही हे कोणाला कळत नाही. मोकळ्या जागा गोलात पसरा. दर दोन लीडनंतर एक मोकळी जागा, जमिनीवर कागदी टेपने फुलीची खूण करून. १२ लीडमध्ये सहा जागा बरोबर बसतात, आणि कोणीही एका वेळी एकाच फेरीपुरतं थांबतं. थांबलेल्यांनी तीच पावलं एकट्याने करायची. टेप कागदी मास्किंगचाच घ्या. ब्राऊन टेपचा गोंद लादीवर राहतो आणि पुन्हा डिपॉझिटचा विषय निघतो.

लीड म्हणजे पुरुष आणि फॉलो म्हणजे बाई, असं गृहीत धरून सूचना देऊ नका. 'जे लीड करणार ते आत या' असं म्हटलं की दोन-तीन बायका लीड शिकायला पुढे येतात आणि संख्येचा प्रश्न अर्धा तिथेच सुटतो. वर्षभरात स्वयंसेवकांपैकी निम्म्यांना तरी दोन्ही बाजू यायला हव्यात.

शिकवणारा दर महिन्याला वेगळ्या क्लासचा आणा. हा मुद्दा वाटतो त्यापेक्षा नाजूक आहे. एकाच क्लासचे शिक्षक सतत शिकवत राहिले की बाकी क्लासचे लोक सोशलला त्या क्लासची जाहिरात समजतात आणि आपले विद्यार्थी पाठवायचे थांबवतात. घोषणेच्या वेळी प्रत्येक क्लासला सारखा एक मिनिट. विद्यार्थी जमवायला हॉलमध्ये पत्रकं वाटायची नाहीत. क्लास चालवणारा माणूस मंडळाच्या समितीत असायला हरकत नाही, पण शिक्षक ठरवायच्या चर्चेत त्याने गप्प बसावं, हे लिहून ठेवा.

संगीत

साडेतीन तासांत वर्ग वजा केला की १६५ मिनिटं उरतात. चार मिनिटांच्या हिशोबाने साधारण ४० गाणी लागतील. यादीत ६० ठेवा. पाच मिनिटांपेक्षा मोठी गाणी गाळा. साल्साची लाइव्ह रेकॉर्डिंग आठ-आठ मिनिटं चालतात आणि नवख्याला नि त्याच्यासोबत अडकलेल्याला, दोघांनाही ती संपता संपत नाहीत. पहिल्या तासात साल्साचा वेग मिनिटाला १७०-१८० ठोक्यांच्या आत ठेवा, दोनशेच्या पुढची गाणी साडेसातनंतर. बचाटा १२०-१३५ च्या आसपास असतो, तिथे फारसा प्रश्न येत नाही.

तीन साल्सा, तीन बचाटा असं आलटून पालटून लावा. अर्जेंटिनाच्या टँगोच्या कार्यक्रमांत तीन-चार गाण्यांचा गट करतात, त्याला टांडा म्हणतात, आणि दोन गटांमध्ये कॉर्तिना नावाचा छोटा तुकडा वाजतो, तेव्हा सगळे फ्लोअर सोडतात. साल्सा-बचाटाच्या संध्याकाळीही २०-३० सेकंदांचा असा तुकडा लावून बघा. कोपऱ्यात बसलेल्यांना उठून विचारायची संधी मिळते, आणि एकाच जोडीदाराला धरून बसलेल्यांना सुटायचं निमित्त. मध्ये एकदा रुएदा लावा. क्युबातल्या या प्रकारात जोड्या गोलात नाचतात आणि पुकारणाऱ्याच्या हाकेवर जोडीदार बदलतात. चार हाका पुरतात, आणि लाजरे लोकही त्यात ओढले जातात.

यंत्रांचं म्हणाल तर या आकाराच्या हॉलला १२ इंची दोन पॉवर्ड (आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेले) स्पीकर पुरेसे. ते आखूड भिंतीशी, स्टँडवर, डोक्यांच्या वर. खुर्च्या नि पाणी समोरच्या टोकाला, म्हणजे तिथे बोलता येतं. फ्लोअरच्या मधोमध आवाज ८५ डेसिबलच्या आसपास. फोनवरचं अ‍ॅप अंदाजापुरतं चालतं. गाणी डाउनलोड केलेली, जोडणी ऑक्स केबलने, फोन एअरप्लेन मोडवर. ब्लूटूथवर ठेवलेल्या फोनला ऐन गाण्यात कॉल आला की रिंगटोन अख्ख्या हॉलला ऐकू येते. फुकटच्या अ‍ॅपची जाहिरात वाजली तर त्याहून वाईट. दुसऱ्या फोनमध्ये हीच यादी ठेवा. पावसाळ्यात बॅटरीवर चालणारा एक छोटा स्पीकर जवळ असू द्या. वीज गेली तरी टॉर्च लावून दोन बचाटा सहज निघतात.

गाण्यांच्या हक्कांचं काय, हा प्रश्न हॉलवाला विचारेल. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये नफ्यासाठी न चालणाऱ्या क्लबच्या उपक्रमात रेकॉर्डिंग वाजवायला सवलत आहे. लग्नसमारंभाची सवलत वेगळी, तिचा आधार सोशलला मिळत नाही. तिकीट लावून कोणालाही आत घेत असाल तर पहिल्या सवलतीवर विसंबून राहणं धोक्याचं, तेव्हा पीपीएल आणि आयपीआरएस या दोन्हींकडे दर विचारा. पहिली संस्था रेकॉर्डिंगचे हक्क बघते, दुसरी गीत-संगीताचे. एकाचा परवाना दुसऱ्याला चालत नाही.

फ्लोअरवरची शिस्त

नियम एका पानात मावावेत आणि दारात चिकटवावेत. 'नको' म्हटलं की विषय संपला, कारण विचारायचं नाही. मागितल्याशिवाय शिकवायचं नाही. डिप (जोडीदाराला मागे झुकवणं) आणि उचलाउचली गर्दीत बंद. गिरकीत कोपर बाहेर नको. टोकदार हिलला प्लास्टिकची टोपी. बुटाची हिल दुसऱ्याच्या पावलावर पडली की जखम खोल होते, म्हणून प्रथमोपचारात पट्टी, जंतुनाशक आणि बर्फ हवाच. मुरगळलेल्या पायाला बर्फ फडक्यात गुंडाळून १५ मिनिटं, पाय उंच, आणि त्या रात्री नाच बंद. चक्कर किंवा छातीत दुखत असेल तर वाट न बघता १०८. हॉलचा पूर्ण पत्ता खुणेसकट दारावर मोठ्या अक्षरांत लावून ठेवा. घाबरलेल्या माणसाला फोनवर तोच सांगता येत नाही. पाण्याचे २० लिटरचे दोन जार, मे महिन्यात तीन.

त्रासदायक वागणुकीच्या तक्रारीसाठी दोन माणसं आधीच नेमा. त्यांत किमान एक बाई हवी, आणि दोघांपैकी कोणीही शिक्षक नको, कारण तक्रार शिक्षकाबद्दलही असू शकते. त्यांची नावं वर्ग संपताना मोठ्याने सांगा. प्रत्येक तक्रारीची वहीत नोंद : तारीख, गाण्यांच्या मधली की गाण्यातली वेळ, काय घडलं, काय केलं. वही कशाला? कारण अशा तक्रारी क्षुल्लक वाटतात. 'जरा जास्त जवळ धरलं', 'नको म्हटल्यावर पुन्हा आला'. एकेक बाई ती एकदाच सांगते आणि आपलाच गैरसमज झाला असेल म्हणून सोडून देते. वहीत तोच माणूस तीन वेळा दिसला की समितीपुढे शंकेला जागा राहत नाही. पहिल्यांदा बाजूला घेऊन स्पष्ट शब्दांत समज, दुसऱ्यांदा तीन महिने बंदी, तिसऱ्यांदा कायमची. गंभीर प्रकाराला या पायऱ्या नाहीत. ११२ ला फोन करा आणि त्या बाईबरोबर पोलीस ठाण्यात जा. ग्रुपवर नावासकट चर्चा अजिबात होऊ द्यायची नाही.

१८ वर्षांखालच्यांना पालकांसोबतच प्रवेश. कॉलेजचं ओळखपत्र बघून वय कळत नाही, आधार बघा. १८ वर्षांखालच्या कोणावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. समितीत मिटवायचा तो विषयच नाही.

व्हिडिओबद्दल लोक हलगर्जी असतात. आठ ते सव्वाआठ ही शूटिंगची वेळ जाहीर करा, बाकी वेळ फोन खिशात. ज्यांना दिसायचं नाही त्यांनी त्या पंधरा मिनिटांत पाणी प्यावं. सोमवारी सकाळी सासरच्या ग्रुपवर रील फिरलं की ती बाई पुन्हा येत नाही, आणि तिचा काही दोष नसतो.

सोबत्यांसाठी दोन ओळी. नवख्यांच्या मनगटाला दारातच रंगीत रिबन बांधा, म्हणजे ओळखता येतात. पहिल्या तासात प्रत्येक सोबत्याने सहा नवख्यांना विचारायचं, त्यांच्यासोबत बेसिकच करायचा, आणि गाणं संपल्यावर नुसतं थँक यू न म्हणता तिसऱ्या कोणाशी तरी ओळख करून द्यायची. ही शेवटची पायरी सोडली तर नवखा परत खुर्चीवर.

पैसे

समजा हॉल ६,०००, स्पीकर २,५००, पाणी-चहा ९००, किरकोळ ६००. एकूण १०,०००. प्रवेश २०० ठेवला तर ५० पावत्यांवर खर्च निघतो. ६० माणसांत आठ स्वयंसेवक फुकट, म्हणजे पैसे देणारे ५२. फारच काठावर. प्रवेश २५० केला तर ४० पावत्यांवर निघतो आणि एखादा पावसाळी महिना सोसवतो. विद्यार्थ्यांना १५० ठेवा, पण ती सवलत धरून हिशोब पुन्हा करा. तीन महिन्यांचं हॉलभाडं शिल्लक जमेपर्यंत टी-शर्ट, वाढदिवसाचे केक, बाहेरचा डीजे, काही नाही.

दाराचा डबा ५०० रुपये सुट्ट्यांनी सुरू करा : ५० च्या सहा नोटा, २० च्या दहा. दारातल्या दोघांनी शेवटी मिळून मोजायचं, वहीत दोघांच्या सह्या. यूपीआयचा स्क्रीनशॉट दाखवला म्हणजे पैसे आले असं नाही, बनावट स्क्रीनशॉट सर्रास चालतात. आपल्या फोनवर जमा दिसल्यावरच आत सोडा. साउंडबॉक्स लावला असेल तर टेबल दाराच्या बाहेर मांडा, आत तो ऐकू येत नाही.

नोंदणी होईपर्यंत दोघांच्या नावे 'दोघांपैकी कोणीही' पद्धतीचं वेगळं बचत खातं काढा आणि त्यातून दुसरं काहीही करू नका. दोघांच्या सह्या बंधनकारक असलेल्या खात्यावर सहसा यूपीआय मिळत नाही. स्टेटमेंट दर महिन्याच्या ५ तारखेला सगळ्या स्वयंसेवकांना. एकाच माणसाच्या पगाराच्या खात्यात प्रवेशशुल्क घेत राहिलात तर त्याच्या प्राप्तिकराच्या विवरणात तो गोंधळ उतरतो आणि भांडणही होतं.

नोंदणी आणि हस्तांतरण

वर्षभर चाललं, माणसं टिकली, तर नोंदणी करा. त्याआधी घाई नको. संस्था नोंदणी कायदा १८६० खाली किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात तीच संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० खालीही नोंदवावी लागते. दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातच होतात. घटना लिहिताना पदाधिकाऱ्यांची मुदत दोन वर्षं आणि सलग दोनच वेळा असं घाला. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो राहिला तर बँकही जुन्याच सह्या धरून बसते. हिशोब ३१ मार्चला बंद, मग लेखापरीक्षण. हे काम करून देणारा सीए नाचणाऱ्यांत सापडतोच, पण स्वतः पदावर असलेल्याने आपलेच हिशोब तपासायचे नाहीत.

हस्तांतरणात कागदांपेक्षा मोबाईल नंबर जास्त छळतो. इन्स्टाग्राम, ईमेल, गूगल ड्राइव्ह, क्यूआर कोड, सगळं कोणाच्या तरी खाजगी नंबरला जोडलेलं असतं. तो माणूस बदली होऊन पुण्याला गेला की ओटीपी पुण्याला जातो. मंडळाच्या नावाचं एक सिमकार्ड घ्या, साध्या फोनमध्ये घाला, रिचार्ज चालू ठेवा, आणि तो फोन सचिवाकडून सचिवाकडे द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर कमीत कमी तीन अ‍ॅडमिन. हॉलच्या केअरटेकरचा, स्पीकरवाल्याचा, पाणीवाल्याचा नंबर, प्रत्येकाला शेवटचे किती पैसे दिले, डिपॉझिटची पावती कुठे आहे, हे सगळं दोन पानांत मावतं. नवीन माणसाने दोन संध्याकाळी जुन्याच्या शेजारी उभं राहून आणि तिसरी स्वतः करून काम घ्यावं. तिसऱ्या वेळी जुन्याने हॉलमध्ये असावं, पण नाचत असावं. शेजारी उभा राहिला तर सगळे प्रश्न त्यालाच विचारले जातात.

पावसात रद्द करायचं झालं तर

जुलै-ऑगस्टमध्ये निर्णय दुपारी १ वाजता घ्यायचा आणि तो एकट्या प्रमुखाने घ्यायचा. हवामान खात्याचा ठाणे किंवा रायगड जिल्ह्याला रेड अलर्ट असेल, किंवा मध्य वा ट्रान्स-हार्बर बंद असेल, तर रद्द. मतदान घेतलं की चार वाजतात आणि तोवर पनवेलची माणसं निघालेली असतात. रद्दचा निरोप एकाच ओळीचा, तारीख लिहून टाका, कारण जुना निरोप पुढच्या महिन्यातही फॉरवर्ड होत फिरतो. आगाऊ घेतलेले पैसे पुढच्या संध्याकाळीला धरायचे, परत मागितले तर सात दिवसांत द्यायचे. हॉलवाल्याशी करार करतानाच 'अलर्टच्या दिवशी भाडं पुढच्या तारखेला वळतं होईल' ही ओळ पावतीवर लिहून घ्या. आषाढात हॉल रिकामाच असतो, तेव्हा तो ही ओळ सहसा लिहून देतो. मार्गशीर्षात देणार नाही.